दादा, ती भिंत टेकायची नव्हती

प्रिय दादा,

हे पत्र बंद पाकिटात घालून तुझ्या दारात टाकता आलं असतं. दांडिया बाजारातून तुझ्या घरी यायला रिक्षाला दहा मिनिटं लागतात. सुरसागरच्या काठाशी बसून, चहा घेत, हे सगळं तोंडी बोलणंही जमलं असतं. दोनदा प्रयत्न केला. पहिल्या वेळी तू म्हणालास, "अगं, जाऊ दे गं." दुसऱ्या वेळी म्हणालास, "त्यांना काही वाटत नाही, तुलाच फार वाटतं." त्यानंतर चार दिवसांनी तू त्या सहलीचे 182 फोटो जगासमोर मांडलेस, गावाच्या नावासकट आणि वाटेच्या नकाशासकट. चारचौघांत झालेल्या गोष्टीचं गाऱ्हाणंही चारचौघांतच घालावं, म्हणून हे उघडं पत्र.

तुझं नाव लिहीत नाही. ग्रुपचंही नाही. गावाचं तर मुळीच नाही, ते तू पुरेसं लिहिलं आहेस. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. बडोद्यातली मराठी माणसं एकमेकांना ओळखून असतात आणि त्यातली डोंगर चढणारी हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी.

तू मला चालायला शिकवलंस. हे आधी लिहिते, कारण दुखणं तिथूनच सुरू होतं. दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर घरी येऊन दोन शिव्या हासडल्या असत्या आणि पाय चेपून झोपले असते.

1982 चा डिसेंबर. मी पंधरा वर्षांची, तू एकवीस-बावीसचा. आमच्या वाड्यातल्या मुलींना पावागड म्हणजे नवरात्रात आईचं बोट धरून जायचं ठिकाण. नुसतं चालायला म्हणून कुणी डोंगरावर जातं हे आजीला पटेना. "वर कालिकामाता आहे, नमस्कार करून येतील," असं सांगून तू परवानगी काढलीस. हालोलपर्यंत एसटी, पुढे मिळेल ते. चांपानेरच्या कोटाशी उतरलो तेव्हा काळोख होता. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला शबनम, तिच्यात दशम्या आणि लसणीची चटणी. रोपवे तेव्हा नव्हता, तो 1986 मध्ये आला. माचीवर पोचलो आणि उजाडलं. तू विचारलंस, "माची हा शब्द कुठे ऐकलायस?" मी म्हटलं, इतिहासाच्या पुस्तकात. राजगडाला माची, तोरण्याला माची, आणि गुजरातेतल्या या गडालाही माचीच. मग तू खाली बसून दगड दाखवलास. दख्खनच्या पठारावर ज्या लाव्ह्याचे थर साचले त्याच लाव्ह्याचा हा डोंगर, म्हणजे सह्याद्रीचा इकडे येऊन राहिलेला भाऊबंद, आपल्यासारखाच. पुण्या-मुंबईचे नातेवाईक "तुमच्याकडे कुठले आलेत डोंगर?" म्हणायचे तेव्हा मी पुढे कित्येक वर्षं हेच वाक्य त्यांच्या तोंडावर फेकलं.

हुमायूनची गोष्टही तिथलीच. 1535 मध्ये त्याने या गडाला वेढा घातला आणि एका रात्री कड्यात लोखंडी खिळे ठोकवून, त्यांना धरत धरत, आपल्या माणसांबरोबर स्वतःही वर चढला. तू म्हणालास, "बादशहा असला तरी प्रत्येक खिळा आधी हलवून पाहिला असणार. म्हणून वर पोचला." ज्याच्यावर भार टाकायचा ते आधी हलवून बघायचं, ही तुझी पहिली शिकवण. मी ती भाजी घेतानाही पाळते.

नंतरची सात-आठ वर्षं आपण पूर्वेकडचा सगळा मुलूख पायाखाली घातला. जांबुघोड्याचं सागाचं रान. रतनमहाल. प्रतापनगरहून सुटणारी नॅरोगेजची छोटाउदेपूर गाडी. डभोईच्या ज्या छोट्या रुळांवर 1862 मध्ये खंडेराव महाराजांच्या राज्यात बैलांनी गाडी ओढली, त्याच गोतावळ्यातली ही. डब्यात कोंबड्या, मोहाच्या फुलांची गाठोडी, चांदीचे जाडजूड दागिने घातलेल्या राठवा बायका, आणि आपण पाच-सहा जण चिवड्याची पिशवी फिरवत बसलेलो. रतनमहालच्या वाटेवर तू अचानक थांबून उकिडवा बसलास आणि काडीने एक काळा गोळा उकललास. आत बोराच्या बिया. "अस्वल. काल रात्री इथून गेलंय." आम्ही सगळे घाबरून गप्प झालो आणि तू म्हणालास, "आता कसे शहाण्यासारखे चालताय! असंच चालायचं असतं, अस्वल नसलं तरी."

आणि ओसरीचा नियम. तो तर तू आमच्याकडून पाठ करून घेतला होतास. कुठल्याही पाड्यावर, तिकडे फळिया म्हणतात, रात्री मुक्कामाला गेलो की चपला बाहेर. पाण्याच्या मडक्याला हात लावायचा नाही, मागायचं. जे ताटात येईल ते खायचं, मक्याचा रोटला आणि उडदाची डाळ असली तर मक्याचा रोटला आणि उडदाची डाळ. आणि ओसरीवर बसलो तरी पाठ टेकायची ती विचारून. "भिंत त्यांची आहे," तू म्हणायचास.

हे सगळं मी विसरले नाही. तू विसरलास असंही मला वाटत नाही. म्हणूनच तर लागलं.

गेल्या श्रावणात तुझा फोन आला, "चल, आपल्या जुन्या वाटेवर जाऊ." लग्न, शाळेची नोकरी, सासूबाईंचं आजारपण, मग माझेच गुडघे, असं करत तुझ्याबरोबर डोंगरात जाऊन तीस-बत्तीस वर्षं झाली होती. मला वाटलं चार-पाच जण असू. काठीला नवं रबर लावलं, दशम्या केल्या. पहाटे फतेगंजला पोचले तर दोन बसगाड्या उभ्या आणि 58 माणसं, सगळ्यांना केशरी टी-शर्ट. तुझ्या हातात भोंगा.

भोंगा, दादा. ज्याने मला पानांवर पाय कसा टाकायचा ते शिकवलं त्याच्या हातात.

मला पोरांचा राग नाही, हे आधी सांगते. बरीचशी चांगली होती. एक मुलगी उतारावर माझा हात धरून चालत होती आणि सारखी विचारत होती, मावशी, हे झाड कुठलं, ते झाड कुठलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, तर तिने काय करावं? सांगायचं काम तुझं होतं आणि तू पुढे भोंग्यातून अंताक्षरी घेत होतास. वाट मोडून मंडळी उभ्या मक्यातून गेली, तेव्हा तू अडवलं नाहीस. कणसं तोडली. कुणीतरी म्हणालं, "जंगलातलाच मका आहे ना?" जंगलात मका आपण होऊन उगवतो असं बडोद्यात राहणाऱ्या माणसाला वाटू शकतं, हे मी त्या दिवशी शिकले.

त्यात श्रावणी सोमवार. डोंगरउतारावरच्या एका घरात जेवण सांगून ठेवलेलं, आणि वर पोचल्यावर अकरा जणांनी साबुदाण्याची खिचडी मिळेल का विचारलं. मला हसूही आलं आणि मेल्याहून मेल्यासारखंही झालं. घरातली सून बिचारी शेजारी पळत गेली, कुठूनतरी बटाटे आणून उकडून दिले. त्याच वेळी दुसऱ्या कोपऱ्यात दोघं जण तिच्या नवऱ्याला हळूच विचारत होते, मोहाची मिळेल का? दारूबंदीच्या राज्यात, पहिल्यांदा भेटलेल्या माणसाला, त्याच्याच घरात. आपण संध्याकाळी बसमध्ये बसून निघून जाणार. चौकशी झालीच तर ती त्याच्या दारात होणार.

पण हेही मी गिळलं असतं. पत्र लिहिते आहे ती भिंतीसाठी.

पाऊस आला आणि सगळे ओसरीत घुसले. सॅका भिजलेल्या. सगळ्यांनी त्या आतल्या भिंतीला टेकवून रचल्या, जसं स्टेशनवर सामान रचतात तसं. त्या भिंतीवर पिठोरा होता. तुला माहीत होतं, दादा, मला सांगू नकोस की माहीत नव्हतं. 1986 का 87 मध्ये तूच मला पहिला पिठोरा दाखवलास आणि सांगितलंस की राठवा लोक हा काढत नाहीत, लिहितात. लिहिणारा तो लखारा. घरात आजारपण येतं, गुरं दगावतात, मूल होत नाही, तेव्हा नवस बोलतात आणि नवस फिटला की भिंत शेणामातीने सारवून, पांढऱ्या मातीचा हात देऊन पिठोरा बाबाला बोलावतात. रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवलेले. घोडेच घोडे, हत्तीवरचा राजा भोज, राणी काजल, नांगर धरलेला शेतकरी, विहिरीवरच्या बायका, विंचू, माकडं. लिहून झालं की बडवा, म्हणजे त्यांचा भगत, तो वाचतो, अंगात येऊन, एकेक चित्र दाखवत, आणि काही राहिलं असेल तर तिथल्या तिथे भरून घेतात. एवढं झाल्यावर ती भिंत राहत नाही, देव्हारा होतो. तेजगढला गणेश देवींनी उभारलेल्या आदिवासी अकादमीत मी नंतर दोन-तीनदा गेले, तिथे हे आणखी समजून घेतलं. पण पहिला धडा तुझा.

त्या दिवशी एक निळी सॅक भिंतीच्या डाव्या कोपऱ्याशी होती. तिच्या तळातून पाणी झिरपत होतं. भिंतीवर खालच्या ओळीत एक लाल घोडा होता आणि त्याचा पुढचा पाय हळूहळू पसरत चालला होता. आधी कडा फुगली, मग गुलाबी ओघळ आला, मग पायाच्या जागी नुसता डाग.

त्या घरातली म्हातारी चुलीपाशी होती. तिने ते पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होते, म्हणून मला कळलं. ती उठली, आत गेली, एक कोरडं गोणपाट घेऊन आली. सॅक तिने उचलली नाही. पाहुण्याची वस्तू हलवू नये, असं तिला वाटलं असणार. एका हाताने सॅक अगदी बोटभर पुढे लोटून धरली, दुसऱ्या हाताने गोणपाट मागे सरकवलं, आणि परत जाऊन रोटला उलटला. एक अक्षर बोलली नाही.

ती सॅक तुझी होती.

तू तेव्हा अंगणात पत्र्याखाली ग्रुपचा फोटो घेत होतास. नंतर आत आलास आणि त्याच भिंतीसमोर दहा-दहा जणांना उभं करून आणखी फोटो काढलेस. एकाला तर तू म्हणालास, "जरा मागे टेक, फ्रेम छान येतेय." कीर्तिमंदिरात नंदलाल बोसांनी भिंती रंगवल्या आहेत. मुंबईचे पाहुणे आले की तू त्यांना तिथे घेऊन जातोस, हात मागे बांधून, आवाज उतरवून बोलतोस. तिथे एखाद्याने ओली सॅक टेकवली असती तर तू त्याला पायऱ्यांवरून खाली ढकललं असतंस. आपल्याच फाइन आर्ट्सच्या ज्योती भट्टांनी खेड्यापाड्यांतल्या अशा भिंती आणि अंगणं टिपण्यात कॅमेरा घेऊन वर्षानुवर्षं घातली. आपल्याच शेजारच्या जिल्ह्यातल्या परेश राठवांना 2023 मध्ये पिठोऱ्यासाठी पद्मश्री मिळाली, तेव्हा ती बातमी मला तूच पाठवलीस, वर तीन टाळ्यांची चित्रं लावून. टाळ्या बडोद्यात वाजवायच्या आणि भिंत तिकडे भिजवायची.

आणि मग त्या फोटोंखाली तू लिहिलंस, "अनटच्ड! इथे अजून कुणाचं पाऊल पडलेलं नाही."

दादा, इतिहास शिकवायचास तू आम्हाला. कुणाचं पाऊल पडलेलं नाही? डिसेंबर 1858 मध्ये तात्या टोपे छोटाउदेपूरपर्यंत आला आणि तिथे इंग्रजांच्या फौजेने त्याला गाठलं, हे नॅरोगेजच्या त्याच गाडीत तू सांगितलं होतंस. जांबुघोड्याच्या रानात 1868 मध्ये नायकडा आदिवासी उठले, रूपसिंग नायक आणि स्वतःला परमेश्वर म्हणवणारा जोरिया यांच्या मागे, आणि सरकारने तो उठाव मोडून त्यांना फासावर दिलं. शिवराजपूरला मँगनीजच्या खाणी लागल्या. नर्मदेचं पाणी चढलं तेव्हा हाफेश्वरचं जुनं देऊळ त्यात गेलं. एवढी पावलं पडली त्या मुलखावर. तिथल्या माणसाला विचार, तो म्हणेल, जरा कमी पडली असती तर बरं झालं असतं.

आणि जुनं जंगल म्हणजे बेवारशी जंगल असं कुणी सांगितलं तुम्हाला? आपण ज्या मोहाखाली बसून दशम्या खाल्ल्या, तो मोह कुठल्या घराचा हे फळियातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. चैत्रात झाडाखालचा पाचोळा काढून जमीन स्वच्छ करतात, पहाटे काळोखात बायका टोपल्या घेऊन फुलं वेचतात, अस्वलाच्या आधी पोचायचं म्हणून आणखी लवकर. फुलं वाळवून ठेवतात, पुढे डोळीचं, म्हणजे मोहाच्या बियांचं, तेल काढतात. झाड आजोबाकडून नातवाकडे येतं. तू त्या झाडाला "व्हर्जिन फॉरेस्ट" असं नाव ठेवलंस. म्हातारीने ते वाचलं नाही हे एक बरं झालं.

बडोद्यातल्या मराठी माणसाने तरी असं लिहू नये, असं मला वाटतं; का, तेही सांगते. माझ्या घरातली ही सहावी पिढी. तरी बँकेत, दवाखान्यात, नव्या सोसायटीत, कुणीतरी आडनाव ऐकून विचारतंच, "मूळचे कुठले?" त्यात वाईट हेतू नसतो. पण आपण इथले असून पाहुणे आहोत, ही जाणीव अशी सत्तर वेळा करून दिली जाते. पाहुण्याने कसं वागावं हे आपल्याइतकं कुणाला माहीत असायला हवं होतं?

बरं, डोंगरातल्या लोकांशी आपली ओळख पाहुणे म्हणून झालेली नाही, हेही खरं. 1719 मध्ये पिलाजीराव गायकवाडांनी सोनगडचं ठाणं घेतलं ते मेवाशी भिल्लांकडून. बडोदं कायमचं हाती आलं ते 1734 मध्ये. म्हणजे राज्याची पहिली चूल पेटली ती जंगलात, दुसऱ्याच्या जागेवर. छोटाउदेपूरचं संस्थान वेगळं, पण खंडणी बडोद्याला भरायचं. सयाजीरावांचा फोटो माझ्या दिवाणखान्यात आहे आणि राहील, तरी हा भाग पुसून टाकता येत नाही. दोन दिवसांच्या सहलीचे तू माणशी 1,650 रुपये घेतलेस. मला माहीत आहे, मीही भरले. त्या घराला ताटामागे 70 दिलेस, आणि निघताना "डाळ जरा पातळ होती" म्हणत हिशेब गोल केलास. सुनेचा नवरा हसून म्हणाला, "चालशे." मला त्या क्षणी खंडणी आठवली. तुला कटू वाटेल, वाटू दे.

बसचं भाडं, टी-शर्ट, विमा, सगळं मोजलं तरी मला हा हिशेब पटत नाही. पण हिशेबावर भांडायला बसले तर तू जिंकशील, तुझ्याकडे पावत्या असतील. राहू दे.

आता माझं. मीही बोलले नाही. तुझी सॅक मी उचलू शकले असते. दोन पावलांवर होते. पाय दुखत होते, गर्दी होती, आणि इतक्या वर्षांनी तू बोलावलंस, त्यात पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर तुला टोकायचं कसं, या भिडेत बसून राहिले. परत येताना बसमध्ये ती मुलगी, झाडांची नावं विचारणारी, माझ्या शेजारी बसली होती. तिने विचारलं, "मावशी, त्या आजी गोणपाट का लावत होत्या?" तिनेही पाहिलं होतं. मी तिला पिठोऱ्याबद्दल सांगितलं, लखारा, बडवा, दूध आणि मोह, सगळं. ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मग सरांनी आम्हाला आधीच का नाही सांगितलं?" सर म्हणजे तू. मी तिला काय सांगणार होते? म्हटलं, पावसाच्या गडबडीत राहून गेलं असेल. म्हणजे तुझी बाजू मीच सावरली. हा प्रश्न आता तुझ्याकडे पाठवते.

तू म्हणशील, काळ बदलला. हरिहरच्या पायऱ्यांवर रांगा लागतात, आपल्या पावागडावर नवरात्रात मुंगीला वाट मिळत नाही, आणि तू एकटा काय करणार? लोकांना डोंगर दाखवायचा की नाही? दाखव. मी कुठे अडवते? चांपानेरला ने, 2004 पासून तो जागतिक वारसा आहे, तिथे हजार माणसं गेली तरी जामी मशिदीचे खांब उभे राहतील. 58 जणांना न्यायची वाट वेगळी आणि पाच जणांना न्यायची वेगळी, हे तूच सांगायचास. आणि पाचही जणांनी कुणाच्या ओसरीत शिरण्याआधी, उंबऱ्याबाहेर उभं राहून घरधन्याला हाक मारायची, हेही.

"त्यांना काही वाटत नाही." हे तुझं वाक्य मला झोपू देत नाही. तुला कसं कळलं? म्हातारी ओरडली नाही म्हणून? आजीने, तुझ्या पहिल्या वेळेला, तू बूट घालून आमच्या माजघरापर्यंत आलास तेव्हा काही म्हटलं होतं का? नाही. तू गेल्यावर तिने फरशी दोनदा पुसली. दुसऱ्या दिवशी मी तुला सांगितलं तर तू कान पकडून तिच्यासमोर उभा राहिलास. तेव्हा तुला न बोललेलं कळत होतं.

परवा सकाळी माझा फोन वाजला. छोटाउदेपूरच्या बसचा कंडक्टर. "बेन, डेपो पर आवी जाव, तमारुं पार्सल छे." माझा नंबर मी सुनेला लिहून दिला होता, कधी बडोद्याला दवाखान्याचं काम निघालं तर कर म्हणून. गेले. खताच्या गोणीची एक पिशवी, तोंड सुतळीने बांधलेलं. कंडक्टर म्हणाला, ड्रायव्हरच्या मागे ठेवून आणली, त्या लोकांनी सांभाळून न्यायला सांगितलंय.

घरी येऊन सोडली. चार टोप्या. सात मोजे, त्यातले तीन जोड आणि एक एकटा, सगळे धुऊन, वाळवून, जोड्याजोड्याने गुंडाळलेले. एक पॉवर बँक, प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत. गॉगल. एक स्टीलचा चमचा, तो बहुतेक त्यांचाच असावा, पण त्यांना वाटलं असेल आपला. केशरी टी-शर्ट, त्यावरचे चिखलाचे डाग गेले नाहीत, पण घासलेले दिसतात. एका कागदात गुंडाळलेले 40 रुपये, कुणाच्या तरी खिशातून पडलेले. तळाशी कोरड्या मक्याची पाच कणसं, सोलून, केसर काढून; ती आपल्यासाठी असावीत, आपल्याला मका आवडतो हे त्यांनी पाहिलंच होतं. मी फोन केला तर सून म्हणाली, "तमारां माणसोनुं रही गयुं'तुं." तुमच्या माणसांचं राहिलं होतं. भिंतीचं मी विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, पुढच्या वर्षी पीक बरं आलं तर लखाऱ्याला बोलावू.

पिशवी माझ्याकडे ओसरीत ठेवली आहे. तुझ्या माणसांचं सामान आहे, तू येऊन घेऊन जा. दुपारी चारनंतर मी घरीच असते. एकटा ये. लखारा किती घेतो ते मी विचारून ठेवलं आहे.

तुझी,
जिला तू पावागडाच्या माचीवर दगड दाखवला होतास ती
दांडिया बाजार, बडोदे